वजन, ओल आणि सहा गाद्या

गणपती गेल्यावर चिपळूणच्या घरात माळ्यावरची ट्रंक खाली काढली की एक वास येतो. कुबट, थोडा गोडसर, जुन्या गोधडीचा आणि भिजलेल्या लाकडाचा. इंग्लंडमध्ये हा वास मला पहिल्यांदा आला तो स्विंडनजवळ एका घरासमोर उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये. बाहेरून गाडी झकास होती. नुकती धुतलेली, चाकांना काळं पॉलिश, आत नवे पडदे आणि दोन ठिकाणी लव्हेंडरचं एअर फ्रेशनर. सहा जण झोपतील एवढी, चौदा वर्षं जुनी, किंमत ५,००० पाउंड. मी आणि बायको तिच्यातला इवलासा ओटा बघून खूश झालो होतो. आईने मात्र पुढच्या सोफ्याची गादी उचलली, खालच्या खणात कोपरापर्यंत हात घातला आणि विकणाऱ्या बाईंकडे हसून बघत मराठीत म्हणाली, "हिच्या अंगात पाणी मुरलंय रे. चल." मी खिशातला वीस पाउंडांचा ओलमापक काढून त्याच कोपऱ्यात टोचला. आकडा आला ३२.

ब्रिटनमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत हल्ली हा विषय हमखास निघतो. शाळांच्या सुट्ट्या लागल्या की हॉटेलांचे दर दुप्पट होतात, चौघांच्या कुटुंबाला दोन खोल्या घ्या म्हणतात, आणि आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले असले तर तिसरीही. त्यात सकाळी पोह्यांची सोय नाही. मग कुणीतरी म्हणतं, आपली कॅराव्हॅनच असली तर? इथे एक खुलासा करायला हवा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून आपल्याकडे या शब्दाने डोळ्यांपुढे येते ती आत बिछाने असलेली बस किंवा व्हॅन. ब्रिटनमध्ये तिला मोटरहोम म्हणतात आणि ती बजेटवाल्यांच्या आवाक्याबाहेरच असते. ब्रिटिश माणूस कॅराव्हॅन म्हणतो तेव्हा त्याला अभिप्रेत असते ती इंजिन नसलेली, मोटारीच्या मागे जोडून ओढायची खोली. हा आढावा तिचाच.

हे वेड इथलं जुनं आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरने १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाचं घोड्यांनी ओढायचं चाकघर बनवून घेतलं आणि तो देशभर हिंडला. पुढे तीनचाकी सायकलवर नोकर, रस्ता मोकळा आहे का बघायला. १९०७ मध्ये त्या हौशी मंडळींचा क्लब निघाला, तोच आजचा कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब. हौस श्रीमंतांचीच राहिली असती. पण दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम आल्पर याने 'स्प्राइट' नावाची स्वस्त, हलकी गाडी काढली आणि कारकून-फिटरही समुद्रावर निघाले. याच आल्परने १९५८ मध्ये रेडिंगमध्ये 'लिटल शेफ' हे रस्त्याकडेचं खानावळ-दुकान सुरू केलं. गाड्या विकल्या, मग त्या ओढणाऱ्यांना जेवायलाही घातलं. स्प्राइट हे नाव आजही हलजवळच्या स्विफ्ट कंपनीच्या साध्या, कमी किमतीच्या मालिकेला आहे, आणि जुन्या बाजारात कुटुंबाच्या गाड्या शोधताना ते पदोपदी भेटतं. ब्रिस्टलची बेली, काउंटी डरहॅममधली एल्डिस, हलची कोचमन ही बाकीची मोठी नावं. लँकाशरची लूनर २०१९ मध्ये बुडाली, तिच्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण शोध सुरू करतात तो आतल्या फोटोंवरून. सोफा कसा, शॉवर आहे का, पडदे कुठल्या रंगाचे. सुरुवात करायची ती स्वतःच्या मोटारीच्या दारापासून. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एक पत्रा असतो, त्यावर एकाखाली एक चार वजनं कोरलेली असतात. पहिलं मोटारीचं भरलेलं कमाल वजन, दुसरं मोटार आणि मागची गाडी मिळून कमाल वजन. या दोहोंतला फरक ढोबळमानाने ओढण्याची क्षमता. दुसरा आकडा नसेलच तर ती मोटार काही ओढायला मान्यताप्राप्त नाही, विषय संपला. जुन्या हायब्रिड मोटारींत हे फार आढळतं. पूर्ण विजेवर चालणाऱ्या काही ओढतात, पण मागे कॅराव्हॅन लावली की पल्ला जवळपास निम्म्यावर येतो, आणि चार्जिंगच्या बहुतेक जागा मागे सहा-सात मीटरचं शेपूट असेल अशा हिशोबाने आखलेल्याच नाहीत.

क्षमता म्हणजे कायद्याची हद्द. शहाणपणाची हद्द त्याच्या अलीकडे आहे. इथले क्लब नवशिक्याला सांगतात की भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. हा कायदा नाही, सल्ला आहे, पण चांगला सल्ला आहे. मोटार १,५०० किलोची असेल तर कॅराव्हॅन १,२७५ किलोपर्यंत. शेपटाने कुत्र्याला हलवू नये एवढाच त्याचा अर्थ. बाजूने मोठा ट्रक गेला किंवा उतारावर वेग वाढला की मागची गाडी डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते; हलकी मोटार असेल तर त्या झोक्याबरोबर तीही जाते.

कॅराव्हॅनवरही वजनाचा पत्रा असतो. त्यातला महत्त्वाचा आकडा एमटीपीएलएम, म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त किती. रिकामं वजन आणि हा आकडा यांच्यातली फट म्हणजे तुमचं सामान, ज्याला इथे पेलोड म्हणतात. साध्या गाडीत ती फट दीडशे किलोच्या आसपास असते. ऐकायला भरपूर वाटतं. मग मोजायला बसा. मागच्या मालकाने बसवलेला मूव्हर, म्हणजे गाडी हाताने न ढकलता रिमोटने हलवणारी मोटर, ३० किलो. बॅटरी २५. पुढे लावायचा तंबू, ज्याला ऑनिंग म्हणतात, २०. झाले पाऊणशे. उरलेल्या पाऊणशे किलोत सहा जणांचे कपडे, पांघरुणं, खुर्च्या, भांडी आणि आमच्या घरी तांदळाची पाच किलोची पिशवी नि कुकर. जड वस्तू मोटारीत ठेवायच्या, कॅराव्हॅनमध्ये ठेवायच्याच तर चाकांच्या वर. मागच्या टोकाला तर नाहीच, कारण झोके तिथूनच सुरू होतात. मुलांची बंकं नेमकी मागे असतात आणि मुलं नेमकी तिथेच खेळण्यांची पोती भरतात. पुढचं टोक टोबारवर, म्हणजे मोटारीच्या मागे जोडणीसाठी बसवलेल्या दांड्यावर, किती भार टाकतं तेही मोजायचं असतं. भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के बरं, पण मोटारीची आणि टोबारची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळायची. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून आम्ही हे मोजतो.

परवान्याचा बाऊ मात्र आता नको. १९९७ पासून ज्यांनी मोटारीची परीक्षा दिली त्यांना जड कॅराव्हॅनसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी इथला परवाना त्यानंतरच काढलेला. १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती अट गेली. साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंत ओढता येतं. परीक्षा गेली म्हणून शिकणं जाऊ नये. मोठे क्लब ओढायला शिकवणारे वर्ग घेतात. मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं हे पुस्तकात वाचून कळतं, हाताला कळायला एक दुपार जाते. वेग मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०. तीन लेन असतील तर सर्वांत उजवीकडची तुमची नाही. मोटारीपेक्षा कॅराव्हॅन रुंद असते, म्हणून बाजूच्या आरशांना जोडआरसे लावावे लागतात. ते नसतील तर हजार पाउंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन गुण.

आणि एक हिशोब, जो फार जणांचा चुकलेला बघितला आहे. कॅराव्हॅन सहा जणांची घेतली, मोटार पाच जणांची. रस्त्यावर असताना कॅराव्हॅनमध्ये बसणं बेकायदा आहे. आजोबा आत आडवे होतील, ही कल्पना डोक्यातून काढून टाकायची. सात जणांची मोटार घेतली तर तिसरी रांग उघडल्यावर डिकी उरत नाही, म्हणजे सामान कॅराव्हॅनमध्ये आणि पेलोड पुन्हा ऐरणीवर. आई-बाबा असताना आम्ही गाद्या सहा, माणसं सहा आणि सामान मात्र चौघांचं नेतो.

मोटारीने किलो ठरवून दिले की मग आतली रचना. बाजारात दोन जणांच्या गाड्या ढिगाने असतात, निवृत्त जोडप्यांच्या, मायेने सांभाळलेल्या. कुटुंबाच्या गाड्या मुलांनी वापरलेल्या असतात आणि त्यावर त्याच्या खुणा असतात. वर्णनात 'चार बर्थ' लिहिलेलं असलं तरी दोन प्रौढ आणि दोन बारकी पोरं समजा. खरा प्रश्न गाद्या किती हा नाहीच. रोज रात्री किती गाद्या *बनवाव्या* लागतात हा आहे. पुढचे दोन समोरासमोरचे सोफे ओढून मधे फळ्या घातल्या की मोठा पलंग होतो. मधलं जेवणाचं टेबल खाली केलं की आणखी एक. पहिल्या रात्री मजा वाटते. तिसऱ्या रात्री, पाऊस पडत असताना, पाच जण उभे राहून सहाव्याचा पलंग बनवतायत हे दृश्य सर्कशीतलं असतं. म्हणून लहान मुलं असतील तर मागे कायमची दुमजली बंकं हवीतच, याबाबत माझं मत पक्कं आहे. आठ वाजता मुलं पडद्याआड गेली की पुढची बैठक मोठ्यांची. कायमचा डबलबेड असलेल्या गाड्या दिसायला ऐसपैस, पण पावसाळी दुपारी तो पलंग चार माणसांची बसायची जागा गिळून बसतो.

वृद्ध आई-वडील येणार असतील तर शौचालय कुठे आहे ते बघा. मागच्या टोकाला असेल आणि त्यांचा पलंग पुढे, तर मध्यरात्री त्यांना नातवंडांच्या पायांवरून जावं लागतं. आमच्या बाबांनी एका गाडीत चढून दाराची पायरी दोनदा उतरून दाखवली आणि नापास केली. पायरी गुडघ्याला उंच होती. असल्या गोष्टी जाहिरातीत नसतात.

एक आस की दोन, यावर इथे लोक तासन्तास वाद घालतात. दोन आसांची गाडी रस्त्यावर स्थिर चालते, सहा जणांना प्रशस्त असते. पण जड, हाताने वळवायला अशक्य, चार टायर, आणि काही कॅम्पसाइटवाले तिला घेतच नाहीत. पहिल्या गाडीला एक आस पुरे. युरोपातल्या गाड्या स्वस्त दिसल्या तर दार कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या; तिकडच्या गाड्यांची दारं उजवीकडे, म्हणजे इथे रस्त्याच्या बाजूला उघडतात.

किमतींबद्दल. नवी कुटुंबाची गाडी २०,००० पाउंडांच्या पुढेच. कोविडच्या काळात परदेशी सुट्ट्या बंद झाल्या तेव्हा जुन्यांचेही भाव चढले आणि नंतर पूर्वपदावर यायला वेळ लागला. मी दोन वर्षं बाजार बघतोय त्यावरून सांगतो: तीन हजारांखाली लॉटरी, पाच ते नऊ हजारांत दहा ते अठरा वर्षं जुनी, बंकं असलेली, बरी गाडी मिळू शकते, त्याच पैशात कमी वयाची आणि जास्त चकचकीत मिळत असेल तर कारण शोधा. दोन गाड्यांत एक पाच वर्षं जुनी पण ओल असलेली आणि एक पंधरा वर्षं जुनी पण कोरडी, तर मी डोळे मिटून पंधरावाली घेईन.

ओलीचं एवढं का, ते गाडी कशी बांधतात हे कळलं की कळतं. जुन्या पद्धतीच्या कॅराव्हॅनची भिंत म्हणजे बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मधे पॉलिस्टिरिन आणि आतून कागद चिकटवलेली प्लायवुडची शीट. पत्र्यांचे सांधे, खिडक्यांच्या कडा, छताच्या झडपा, दिवे, तंबू सरकवायची पट्टी, हे सगळं रबरासारख्या लांबीने बंद केलेलं असतं. ती लांबी दहा-बारा वर्षांत वाळते आणि चिरते. पाणी थेंबाथेंबाने आत शिरतं आणि आतून वर्षभर काही दिसत नाही. लाकूड कुजत असतं. दिसायला लागतं तेव्हा भिंत बोटाने दाबली जाते. २०१० नंतर मोठ्या कंपन्यांनी लाकूड कमी किंवा नाहीसं केलेल्या नव्या बांधण्या आणल्या, त्यामुळे कुजणं कमी झालं. पाणी शिरायचं थांबलं असं नव्हे. या नव्या गाड्यांत पुढच्या प्लास्टिकच्या मोठ्या पॅनेलला बारीक तडे गेलेत का, हेही उन्हात तिरपं उभं राहून बघावं.

ओलमापकाला दोन सुया असतात. भिंतीत टोचा, आकडा वाचा. पंधरापर्यंत ठीक, वीसपर्यंत लक्ष ठेवा, त्याच्या वर दुरुस्ती, तीसच्या वर आत काहीतरी कुजलेलं आहे. टोचायचं कुठे हे महत्त्वाचं: पुढच्या-मागच्या खिडक्यांचे खालचे कोपरे, छत आणि भिंतीचा सांधा, छताच्या झडपेभोवती, दाराची चौकट, आणि गाद्यांखालच्या खणांत अगदी कोपऱ्यात. तिथे कोणी सजावट करत नाही, म्हणून आधी तिथेच. विकणारा सुया टोचू देत नसेल तर उत्तर मिळालं. मीटर नसेल तर तळहात सपाट ठेवून सरकवा. ओली भिंत गार आणि किंचित लुसलुशीत लागते. फुगलेला कागद, काळे ठिपके, गंजलेले स्क्रू. आणि नाक. एअर फ्रेशनर दोन असतील तर दाराखिडक्या बंद करून दहा मिनिटं आत बसा.

जमीनही ओलीची नातेवाईक. ती प्लाय, फोम, प्लाय अशी सँडविचसारखी चिकटवलेली असते. दाराजवळ आणि ओट्यासमोर, जिथे पाय जास्त पडतात, तिथे डिंक सुटतो आणि चालताना फळी करकरते, किंचित झोका देते. टाच दाबून बघा. एवढ्यावर गाडी सोडू नका. भोकं पाडून आत रेझिन भरतात आणि काम चालतं. भावात मात्र ते उतरलं पाहिजे. भिंतीची ओल काही शे पाउंडांपासून काही हजारांपर्यंत कुठेही जाते आणि उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मी तिच्या वाटेला जात नाही.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कॅराव्हॅन वर्षाचे अकरा महिने उभीच असते, त्यामुळे नक्षी नव्यासारखी असते आणि रबर आतून मेलेलं असतं. पाच वर्षांनी बदलावं, सातच्या पुढे तर नाहीच. जोडणीच्या कपलिंगमध्ये झोके रोखणारा स्टॅबिलायझर आहे का ते बघा, आणि तो असेल तर टोबारच्या गोळ्यावर ग्रीस अजिबात लावायचं नाही. ग्रीस लावलं की त्याचे घर्षणाचे पॅड निसटतात. आमच्या शेजाऱ्यांनी चांगुलपणाने लावून दिलं होतं.

ही गाडी सरकारदरबारी नोंदलेली नसते. तिला रस्ताकर नाही, वार्षिक तपासणी नाही, मालकीचं सरकारी पुस्तक नाही. मागे नंबरप्लेट लावायची ती तुमच्या मोटारीचीच. म्हणूनच चोरीच्या गाड्या सहज फिरतात. १९९२ पासून उद्योगाची स्वतःची नोंदवही आहे, तिला क्रिस म्हणतात. ब्रिटिश कंपन्यांच्या गाड्यांच्या चासीवर आणि खिडकीच्या काचांवर सतरा अक्षरी क्रमांक असतो. तो सगळीकडे सारखा आहे का बघायचा आणि थोडे पैसे भरून चोरी, कर्ज, विम्याचं मोठं नुकसान यांची चौकशी करायची. एखाद्या काचेवरचा क्रमांक घासलेला असेल तर चहा पिऊन निघावं. गाडी मालकाच्या घरी बघावी, पेट्रोल पंपावर नव्हे. व्यापाऱ्याकडून घेतली तर ग्राहक हक्क कायदा २०१५ तुमच्या बाजूने उभा राहतो, दोषी निघाली तर पहिल्या तीस दिवसांत परत करता येते; खाजगी माणसाने फक्त खोटं वर्णन केलेलं नसलं म्हणजे झालं. व्यापाऱ्याचे हजार-दीड हजार जास्तीचे पाउंड म्हणजे त्या तीस दिवसांचं मोल. मीटर कसा वाचायचा हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते वाचवावेत, इतरांनी खर्चावेत.

गाडीच्या किमतीबरोबर सुरुवातीचा लवाजमा येतो. मोटारीला टोबार आणि तारा, हे एकटंच काही शे पाउंड खातं. जुन्या गाड्यांना सात पिनांचे दोन प्लग, नंतरच्यांना तेरा पिनांचा एक. तुमच्या टोबारशी जुळवून घ्या. पाणी आणायचं लोळवत न्यायचं चाळीस लिटरचं पिंप, सांडपाण्याचं डबडं, विजेची जाड वायर, गॅस सिलिंडर, बॅटरी, कुलपं. बाजारात हे नवं घेतलं तर हजार पाउंड कधी गेले कळत नाही. म्हातारी जोडपी गाडी विकताना हे सगळं अनेकदा बरोबर देतात. भाव कमी करा म्हणण्यापेक्षा सामान द्या म्हणणं चांगलं, ते आनंदाने देतात आणि वर अर्धा तास कसं वापरायचं ते सांगतात.

आपल्या स्वयंपाकाबद्दल थोडं, कारण इथल्या मासिकांत ते कुणी लिहिणार नाही. साइटवर वीज मिळते ती १० किंवा १६ ॲम्पिअर. दहाचा अर्थ २,३०० वॉट. घरची तीन हजार वॉटची किटली लावली की फ्यूज उडतो आणि अख्ख्या रांगेत तुमच्याकडे बघतात, कारण तो परत चालू करायला कधीकधी वॉर्डनला बोलवावं लागतं. आपला मिक्सर चालतो. इंडक्शन लावलं की बाकी सगळं बंद. गॅसवर कुकर मस्त होतो. निळ्या सिलिंडरमधला ब्युटेन थंडीत, शून्याच्या आसपास, बाहेरच येत नाही. मुलांच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत जायचं तर लाल, प्रोपेन. फ्रिज बहुधा गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा शोषण-पद्धतीचा असतो, गाडी सपाट उभी नसेल तर तो नीट गारच करत नाही. इडलीचं पीठ त्यात टिकेल या भरवशावर राहू नका, पण बाहेर ठेवलेलं दही उन्हाळ्यात छान लागतं. फोडणी आणि कुकरची वाफ भिंतींवर बसते आणि पहाटे खिडक्यांतून पाणी ओघळतं, म्हणजे बाहेरची ओल टाळून आत आपण स्वतः तयार करतो. आम्ही कांदा-लसणाचं सगळं बाहेरच्या तंबूत, टेबलावरच्या शेगडीवर, तंबूची दोन्ही दारं सताड उघडी ठेवून करतो. जमिनीतल्या आणि छतातल्या झरोक्यांवर वारा येतो म्हणून कधीही कापड कोंबू नका. गॅस गळला किंवा धूर झाला तर तेच झरोके जीव वाचवतात. कार्बन मोनॉक्साइडचा गजर तर हवाच.

शौचालयाची पेटी रिकामी करणं हे काम कुणाचं, हे गाडी घेण्यापूर्वी ठरवा. आमच्याकडे ठरलं नव्हतं.

आणि मग जागा. या प्रकरणात सर्वांत महाग वस्तू गाडी नसून ती ठेवायची जागा आहे, आणि ही गोष्ट आपली मंडळी शेवटी विचारतात. आपल्यातले पुष्कळ जण नव्या वसाहतींत घरं घेतात. तिथल्या खरेदीखतात घरासमोर कॅराव्हॅन उभी करायला मनाई असल्याचं कलम बऱ्याचदा असतं. सही करताना कोणी वाचत नाही. शेजारी वाचतात. मग शेतकऱ्याच्या कुंपणात किंवा पहारा असलेल्या गोदामात वर्षाला चार-पाचशे किंवा जास्त. विमा कायद्याने सक्तीचा नाही. ओढत असताना मोटारीच्या विम्यात सहसा फक्त तिसऱ्याचं नुकसान येतं, तुमची गाडी जळली तर काही नाही. म्हणून वेगळा विमा, आणि विमेवाले चाकाला व कपलिंगला कुलूप मागतात. वर्षाची सर्व्हिस अडीचशेच्या आसपास. सात हजारांची गाडी पाच वर्षांनी चार हजारांना गेली असं धरलं तर वर्षाचे सहाशे तिथे गेले. सगळं मिळून, एकही रात्र बाहेर न काढता, वर्षाला दीड हजार पाउंड. त्यावर साइटचं भाडं. क्लबच्या मोठ्या साइट सुट्ट्यांत महागड्या आणि महिनोन् महिने आधी भरलेल्या. पण सभासद झालात तर शेतकऱ्यांच्या कुरणातल्या छोट्या जागा मिळतात, जिथे कायद्याच्या सवलतीनुसार एका वेळी फक्त पाच गाड्या राहतात. नळ, पेटी रिकामी करायची जागा, कधी वीज, कधी नुसत्या मेंढ्या. स्वस्त, शांत. मुलांना खेळायला कोणी नसतं एवढीच तक्रार.

वर्षाला पंधरा रात्रींहून कमी राहणार असाल तर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. माझा हिशोब एवढाच सांगतो. विकत घ्यायचं ठरलं असलं तरी आधी एक आठवडा भाड्याने घेऊन पावसात राहून या. मोटार लहान असेल तर दुमडणारे तंबू-ट्रेलर आहेत, हलके, स्वस्त, गॅरेजमध्ये मावणारे. पण ओला तंबू घरी आणून वाळवायची जागा लागते आणि आईला ते दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

घ्यायची वेळ कोणती? मार्च-एप्रिलमध्ये सगळे घेतात, तेव्हा नको. ऑक्टोबरच्या शेवटी विकणाऱ्याला हिवाळ्याचं जागाभाडं डोळ्यांसमोर दिसत असतं, आणि पाऊस सुरू झालेला असल्याने ओल लपत नाही. आम्हीही तेव्हाच पाहिली, आई परत जायच्या आदल्या आठवड्यात. सोळा वर्षांची, बंकांची, रंग विटलेली, पडदे भयंकर. बाहेर संततधार. मी सगळे कोपरे टोचून आलो, आकडा बाराच्या वर गेला नाही. आई तोवर पुढच्या खणात डोकं घालून बसली होती. बाहेर आली, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "पडदे मी चिपळूणहून पाठवते."